कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाने वर्ध्यात बसून चुलीच्या धुराचा हिशोब मांडला होता

चंद्रपूर शहरात कुठूनही मान वर केली की दुर्गापूरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २९२० मेगावॅटचं हे केंद्र. त्या चिमण्यांची उंची किती, आतला घेर किती, वर जाणारा धूर किती गरम हवा, हे सगळं इंजिनिअर लोकांनी कागदावर मांडून मगच त्या उभ्या केल्या आहेत.

आता शहर सोडा. मूल, सावली करत वैनगंगा ओलांडा आणि गडचिरोलीवरून धानोऱ्याच्या रस्त्याला लागा. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला गावातल्या कवेलूच्या छपरांमधून धूर झिरपताना दिसतो. छप्पर पेटलंय की काय असं नवख्या माणसाला वाटतं. पेटलेलं काहीच नसतं. आत चूल पेटलेली असते आणि तिला धुराडंच नसतं. धूर जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतो, आणि बाहेर पडेपर्यंत सैपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो.

मोठ्या चिमणीला जे गणित लागतं, तेच गणित या चुलीलाही लागतं. फक्त ते करायला इकडे कोणी फिरकत नाही.

एक माणूस मात्र फिरकला होता. तो इंजिनिअर नव्हता, हिशेब तपासणारा होता. लंडनमध्ये शिकला, मुंबईत फर्म चालवली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि उमेदीची वर्षं वर्ध्याच्या एका बागेत घाणी, जातं, कागद आणि चूल यांच्यात घालवली.

त्याचं नाव जे. सी. कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तमिळनाडूतल्या तंजावरचा. घर ख्रिश्चन. तेव्हाचं नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. वडील सरकारी बांधकाम खात्यात होते. घरात शिस्त होती, इंग्रजी वळण होतं आणि पैशापाण्याची चणचण नव्हती. मुलगा लंडनला गेला, हिशेब तपासणीचं शिक्षण घेतलं, तिथे कामही केलं. परत येऊन त्याने मुंबईत कॉर्नेलियस अँड दावर नावाने फर्म थाटली. सूट-बूट आणि मोठ्या लोकांमध्ये ऊठबस, असं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिराक्यूज, मग कोलंबिया. इथे त्यांच्या आयुष्याने वळण घेतलं आणि त्याला निमित्त झालं एक भाषण. भारत गरीब का, या विषयावर ते न्यूयॉर्कमध्ये बोलले आणि त्याची बातमी छापून आली. ती त्यांच्या प्राध्यापकांनी, एडविन सेलिग्मन यांनी वाचली आणि प्रबंधाला हाच विषय घे असं सुचवलं. सेलिग्मन म्हणजे सरकारी जमाखर्चाच्या अभ्यासातलं तेव्हाचं मोठं नाव.

कुमारप्पा कामाला लागले. इंग्रज सरकार भारतातून किती पैसा गोळा करतं, तो कशावर खर्च करतं, हे आकडे त्यांनी हिशेबनीसाच्या नजरेने तपासले. लष्कर, कर्जाचं व्याज, अधिकाऱ्यांचे पगार. शेतकऱ्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच नाही. ज्या साम्राज्याच्या छायेत आपलं सगळं छान चाललं होतं, त्याच्या वह्या उघडल्यावर हे निघालं. देशभक्तीचं भाषण ऐकून माणसं बदलतात, कुमारप्पा ताळेबंद वाचून बदलले.

१९२९ मध्ये ते परतले ते प्रबंध घेऊनच. तो छापावा म्हणून गांधीजींना दाखवायचा होता. ९ मे १९२९ ला साबरमती आश्रमात भेट ठरली. रेशमी सूट घातलेले कुमारप्पा वेळेआधी पोचले आणि नदीकाठी फिरायला निघाले. एका झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत काततोय असं त्यांना दिसलं. भेटीला अजून अवकाश होता म्हणून ते बघत उभे राहिले. तोच म्हातारा गांधी आहे हे कळल्यावर सुटाच्या इस्त्रीची पर्वा न करता ते तिथेच जमिनीवर बसले.

प्रबंध गांधीजींच्या यंग इंडियात क्रमशः छापून आला. कुमारप्पांनी खादी घातली, आजोबांकडून आलेलं कुमारप्पा हे नाव पुन्हा लावलं आणि गुजरात विद्यापीठात दाखल झाले. पहिलं काम मिळालं मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. घरोघरी जाऊन उत्पन्न किती, कर्ज किती, जनावरं किती हे विचारायचं. पुढे यंग इंडियाच्या संपादनाची जबाबदारी अंगावर आली आणि त्यातल्या लेखांसाठी तुरुंगही.

माणूस किती कडक होता हे बघायचं असेल तर १९३४ चा बिहारचा भूकंप बघावा. मदतनिधीचा हिशेब ठेवायला कुमारप्पांना पाटण्याला बोलावलं होतं. कार्यकर्त्यांच्या जेवणखर्चाला त्यांनी रोजची मर्यादा घालून दिली. खुद्द गांधीजी आपल्या माणसांसह तिकडे आले तेव्हा त्यांचा आणि त्यांच्या मोटारीच्या पेट्रोलचा खर्च मदतनिधीतून होणार नाही, असं त्यांनी कळवून टाकलं. लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिलेला पैसा भूकंपग्रस्तांचाच, एवढा साधा हिशोब. गांधीजींनी तो मान्य केला. अशा माणसाशी कोणाचं पटणं अवघडच, आणि अनेकांशी त्यांचं पटलंही नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. अध्यक्ष वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, आणि प्रत्यक्ष संघटना उभी करायची ती कुमारप्पांनी. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन अशी नावं होती. जागा दिली जमनालाल बजाज यांनी, वर्ध्यातली स्वतःची बाग. गांधीजींचे पुतणे आणि खादीचे मोठे कार्यकर्ते मगनलाल १९२८ मध्ये वारले होते, त्यांच्या नावावरून तिचं नाव पडलं मगनवाडी.

सेवाग्रामची कुटी सगळ्यांना माहीत असते. पण १९३६ मध्ये तिकडे जाण्याआधी गांधीजी या मगनवाडीत राहत होते हे फार कोणाला ठाऊक नसतं.

मगनवाडीत काय चालायचं? एका कोपऱ्यात तेलघाणी सुधारण्याचं काम, कारण बैलाला त्रास कमी आणि तेल जास्त असं दोन्ही हवं होतं. दुसरीकडे हातकागद. मधमाश्या. ताडाचा गूळ. साबण. रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा कंदील, त्याचं नाव मगनदीप. आणि हातसडीचा तांदूळ.

तांदळाचा मुद्दा पूर्व विदर्भाला जवळचा आहे. मूल, सिंदेवाही, ब्रम्हपुरी, आरमोरी हा सगळा धानपट्टा. गिरणीत धान कांडलं की तांदूळ पांढराशुभ्र होतो, पण वरचा कोंडा जातो आणि त्याच्यासोबत जीवनसत्त्वही जातं. शिवाय कांडण करून चार पैसे मिळवणाऱ्या बायांचं काम जातं ते वेगळंच. ताटातला तांदूळ जास्त पांढरा झाला म्हणून गाव श्रीमंत झालं असं कसं म्हणायचं, हा कुमारप्पांचा प्रश्न होता. त्यांच्या हिशोबात एका बाजूला पैसे असायचे आणि दुसऱ्या बाजूला अशा गोष्टी, ज्या कोणी वहीत लिहीतच नाही.

धूर ही त्यातलीच एक गोष्ट.

आणि इथे मगन चूल येते.

१९४० च्या दशकात मगनवाडीतून ही मातीची बिनधुराची चूल पुढे आली. ती कुमारप्पांनी एकट्याने घडवली असं म्हणणं चुकीचं ठरेल, काम संस्थेचं होतं. पण चूल हा संशोधनाचा विषय आहे, असं मानणारी जागा त्यांनी उभी केली होती. देशात तेव्हा पोलादाचे कारखाने आणि धरणं यांचे आराखडे बनत होते, त्या काळात हे चाललं होतं. पुढे १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेच्या एस. पी. राजू यांनीही बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका काढली. भारतातल्या सुधारित चुलींची सुरुवात म्हणून आज या दोन चुलींचं नाव घेतलं जातं.

कल्पना ऐकायला सोपी आहे. मातीची बंद चूल, लाकूड घालायला एक तोंड, वर एकापेक्षा जास्त भांड्यांना जागा आणि मागे धुराडं. जाळ पहिल्या भांड्याखाली लागतो, तिथून निघालेली गरम हवा पुढच्या भांड्याला तापवत जाते आणि धूर नळीतून छपराबाहेर. आपल्याकडच्या चुलीला वैल असतोच, त्याचाच हा पुढचा टप्पा समजा.

आता खरी मेख. नळी किती रुंद आणि किती उंच?

धूर आपणहून वर जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याला बाहेरची हवा वर ढकलते. गरम हवा हलकी असते, बाहेरची थंड हवा जड. जड हवा चुलीच्या तोंडातून आत घुसते आणि हलक्या हवेला नळीतून वर रेटते. या रेट्यालाच चिमणीची ओढ म्हणतात. ही ओढ दोनच गोष्टींवर ठरते, नळीची उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक.

ओढ असते किती? तीन मीटर उंच नळी घ्या, आत १५० अंशाचा धूर, बाहेर ३० अंशाची हवा. दाब निघतो साधारण १० पास्कल. म्हणजे पाण्याची पातळी एक मिलिमीटर वर उचलण्याइतका. बस. एवढ्याशा जोरावर अख्ख्या चुलीचा धूर बाहेर जायचा असतो. दाराची एक झुळूक आली, नळीला एक वाकण जास्त पडलं की हा जोर खाऊन टाकला जातो.

आणि आता चंद्रपूरचा मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश. धूर १५० अंशाचाच असला तरी ओढ ८ पास्कलवर येते. लाकूड ओलं असेल, धूर नुसता कोमट, म्हणजे ६० अंशाचा असेल, तर ती दीड पास्कलवर घसरते. थंडीत बाहेर १० अंश असताना त्याच कोमट धुराला साडेपाच पास्कलच्या आसपास ओढ मिळाली असती. पुण्या-मुंबईत बसून काढलेलं किंवा परदेशातून आणलेलं माप चंद्रपूरच्या उन्हाळ्यात जसंच्या तसं चालत नाही, ते यामुळे.

मग नळी मोठीच ठेवावी ना? इथे लोक हमखास चुकतात.

नळी अरुंद असेल तर धूर मावत नाही आणि चुलीच्या तोंडातून घरात उलटतो, हे कळायला सोपं आहे. तीन इंची नळीचं तोंड चार इंचीपेक्षा थोडंसंच लहान दिसतं, पण आतली जागा तब्बल ४४ टक्क्यांनी कमी असते. पण नळी फार रुंद असेल तर धूर तिच्यात रेंगाळतो. सहा इंची नळीत चार इंचीच्या सव्वादोनपट जागा असते, त्यामुळे तोच धूर त्या मानाने हळू वर सरकतो, वाटेतच थंड होतो, आणि थंड झाला की ओढ संपली. कधी कधी तर त्याच नळीत एका बाजूने धूर वर जातो आणि दुसऱ्या बाजूने थंड हवा खाली येते. बरं, उंची खूप वाढवून ओढ जबरदस्त केली, तर चूल भसाभसा लाकूड खाते आणि भांड्याला लागायची ऊब नळीतून निघून जाते. घरात धूर नाही, पण बाईला रानात जळतनासाठी दोन फेऱ्या जास्त.

म्हणजे नळीचं माप हा शेवटी जमाखर्चच आहे. धूर, लाकूड आणि वेळ, तिन्ही जुळवायचे.

थंड देशांत घर गरम ठेवायला गॅसची भट्टी असते, तिच्या धातूच्या नळीलाही हाच नियम लागतो. तिकडे भट्टीची ताकद, नळीची उंची, आडवा भाग किती आणि वाकणं किती यावरून व्यास ठरवायचे तक्ते असतात. नळी लहान पडली तर कार्बन मोनॉक्साइड घरात उलटतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. नळी मोठी झाली तर जळलेल्या गॅसमधली वाफ आतच थंड होऊन पाणी सुटतं, ते आम्लयुक्त असतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून तिकडे दुपदरी नळी वापरतात, मधल्या हवेमुळे आतला पत्रा गरम राहतो. हे आपल्या कामाचं नाही असं समजू नका. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून, जळलेली हवा बाहेर जायला वाटच न ठेवल्यामुळे माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात.

पुन्हा मगनवाडीकडे येऊ.

१९३७ ला प्रांतांमध्ये काँग्रेसची सरकारं आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने प्रांतातल्या उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली आणि अध्यक्ष केलं कुमारप्पांना. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली तेव्हा याच प्रांतातला एक चांदा जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो थेट १९८२ मध्ये. समितीने नागपुरात बसून अहवाल लिहिला नाही. शेकडो खेड्यांत माणसं पाठवली. कुटुंबाचं उत्पन्न काय, खातात काय, कोणता धंदा बुडाला आणि का बुडाला, हे तपासलं. १९३९ मध्ये अहवाल आला. प्रांताची प्रगती मोजायची तर कारखाने मोजू नका, खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम आहे का ते मोजा, असा त्याचा रोख होता.

जंगलाबद्दल तर कुमारप्पांचं म्हणणं आजही वनखात्याला झोंबेल असं होतं. सरकार जंगलाकडे महसुलाचं साधन म्हणून बघतं, हे त्यांना मुळातच चूक वाटायचं. इमारती लाकडाचं जंगल वेगळं धरा, त्याचं नियोजन लांबच्या काळाचा विचार करून करा. पण जळतन आणि चारा देणारं जंगल लोकांना फुकट किंवा नाममात्र दराने खुलं ठेवा, अशी त्यांची मांडणी होती. त्यामागचं कारण साधं होतं. सरपण मिळालं नाही की शेण जाळलं जातं, आणि शेण चुलीत गेलं की शेताचं खत गेलं. चूल, जंगल आणि शेत यांचा एकच हिशोब ते मांडत होते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, आणि स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना २०११ मध्ये. कुमारप्पांच्या मांडणीनंतर साधारण सत्तर वर्षांनी. आणि तो बांबू वर्षानुवर्षं जात होता तो बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे. मगनवाडीचा हातकागद त्या गिरणीपुढे टिकणार नव्हताच, हेही खरं आहे. कुमारप्पांची सगळी गणितं बरोबर आली असं नाही. घाणीचं तेल आणि हातकागद महाग पडायचे, आणि गावातल्या गरीब माणसालाही स्वस्त तेच हवं असतं. या प्रश्नाला त्यांच्याकडे पटेल असं उत्तर होतं का, याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

नेहरूंच्या अध्यक्षतेखाली १९३८ मध्ये राष्ट्रीय नियोजन समिती बसली, तेव्हा ग्रामोद्योग संघाचे प्रतिनिधी म्हणून कुमारप्पा तिच्यात होते. चर्चा मोठ्या उद्योगांभोवती फिरते आहे असं दिसल्यावर काही महिन्यांतच ते बाहेर पडले.

१९४२ मध्ये पुन्हा अटक. या वेळी जबलपूरचा तुरुंग. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरं इकॉनॉमी ऑफ परमनन्स. दुसऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं की निसर्गात काही साठे वापरले की संपतात, कोळसा-तेलासारखे, आणि काही पुन्हा पुन्हा भरून येतात, झाड-पाण्यासारखे. जी अर्थव्यवस्था संपणाऱ्या साठ्यावर उभी आहे ती साठ्यासाठी भांडणं लावणार, जी भरून येणाऱ्यावर उभी आहे ती टिकणार. पर्यावरण हा शब्द पेपरात यायच्या कितीतरी आधीची, १९४५ च्या सुमाराची ही गोष्ट. याच पुस्तकात एक लाख लोकसंख्येला पुरेल असा आहार धरून कोणतं पीक किती जमिनीत घ्यायचं, याचा तक्ताही आहे. हिशेबनीस कुठे गेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर त्यांना काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचं अध्यक्षपद मिळालं. १९४९ मध्ये अहवाल दिला, त्यात जमीनदारी आणि मध्यस्थ संपवा, कसणाऱ्याला जमीन द्या हे स्पष्ट लिहिलं. गांधीजी गेले होते, दिल्लीत धरणांचा आणि कारखान्यांचा काळ सुरू झाला होता. कुमारप्पा दिल्लीपासून लांबच राहिले. वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोह गावी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. चीन, जपान, रशिया बघून आले. तब्येत साथ देईना तेव्हा मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले. लग्न केलेलं नव्हतं, मागे मालमत्ता म्हणावी असं काही नव्हतं. ३० जानेवारी १९६० ला मद्रासच्या इस्पितळात ते गेले. गांधीजींच्या हत्येला त्याच दिवशी बारा वर्षं झाली होती.

मग चुलीचं काय झालं?

कुमारप्पा गेल्यावर वीसेक वर्षांनी धुराकडे पुन्हा लक्ष गेलं. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत सैपाक करणाऱ्या बायांच्या नाकाशी किती धूर जातो हे मोजलं. शहरातल्या प्रदूषणापेक्षा ते आकडे कितीतरी मोठे होते. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत साडेतीन कोटींच्या घरात चुली बसल्या. कागदावर हा जगातल्या मोठ्या चूल-कार्यक्रमांपैकी एक.

गावात मात्र त्यातल्या कितीतरी चुली काही वर्षांत मोडीत निघाल्या. कारणं तीच, नळीची. काजळी साफ कोणी करायची हे सांगितलंच नव्हतं. तीन इंची नळीत चारही बाजूंनी अर्धा इंच काजळी साचली की आतली जागा निम्म्याहून कमी उरते, आणि धूर पुन्हा घरात. कवेलूच्या छपरातून नळी बाहेर काढली की पावसात त्या भोकातून पाणी गळतं. गवताच्या छपराला तापलेल्या नळीची भीती. वानरांनी उड्या मारून टोपी पाडली की वारा उलटा आत. शिवाय धूर अगदीच नको होता असंही नाही. चुलीवर टांगलेलं बियाणं धुराने कीड लागण्यापासून वाचतं, छपराचे बांबू टिकतात, पावसाळ्यात डास पळतात. ज्या बाईसाठी चूल बसवायची तिला हे सगळं माहीत होतं. बहुतेक ठिकाणी तिला कोणी विचारलंच नाही.

धुराचा सगळ्यात लहान गिऱ्हाईक म्हणजे आईच्या मांडीवरचं मूल. चुलीचा धूर आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांचा संबंध आता जगभर मान्य आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ पासून काम सुरू केलं, तेव्हा बालमृत्यूंमागचं मोठं कारण न्यूमोनिया हेच होतं. गावातल्याच माणसांना तो ओळखायला आणि औषध द्यायला शिकवून मृत्यू कमी होतात, हे त्यांनी दाखवलं. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये तो अभ्यास छापून आला. उपचार गावात पोचला, धूर तिथेच राहिला.

२०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस आला. आज दोन्ही जिल्ह्यांतल्या जंगलालगतच्या घरांत शेगडी आणि चूल दोन्ही दिसतात. चहा आणि पाहुण्यांची भाजी गॅसवर, धानाची उकड, आंघोळीचं पाणी आणि मोहाचं काम चुलीवर. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की सगळंच चुलीवर. जळतनाला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या ब्रम्हपुरी-सिंदेवाही भागातून येतच असतात, त्यामुळे चूल किती लाकूड खाते हा प्रश्न आता आणखी वेगळ्या कारणाने जिवाशी आला आहे.

मगनवाडी अजून आहे. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी उद्घाटन केलेलं मगन संग्रहालय तिथेच आहे, खादी आणि ग्रामोद्योगांची जुनी अवजारं आत बघायला मिळतात. बल्लारशाहहून गाडीत बसलं की वरोरा, हिंगणघाट करत सेवाग्राम स्टेशन येतं, तिथून वर्धा शहर जवळच.